हटवारभाऊ आणि त्यांची बाई

थंडीच्या दिवसांत हटवारभाऊ कारखान्यात उघड्या कानांनी यायचे. मफलर असायचा, पण तो यंत्राला गुंडाळलेला. "माहे कान लाल झाले तं झाले," ते म्हणायचे, "बाईले सर्दी झाली तं मानूस मरन."

बाई म्हणजे वाफ ओळखायचं यंत्र. खांद्याला अडकवता येईल एवढी पेटी, तिला एक रबरी नळी आणि काचेमागे काटा. ऐंशी सालाच्या आसपास भंडाऱ्याजवळच्या एका वार्निशच्या कारखान्यात मी स्टोअरमध्ये कारकून होतो आणि हटवारभाऊ बाईला सांभाळायचे. टाकी धुवायला माणूस उतरण्याआधी नळी आत सोडायची. काटा चढला तर आत पेट घेणारी वाफ आहे, उतरायचं नाही. रोज सकाळी ते छोट्या सिलिंडरमधला ठरावीक गॅस बाईला हुंगवायचे आणि काटा खुणेवर येईपर्यंत स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत बसायचे. तोवर कोणी बोलायचं नाही. "गप राहा ना बे, बाई जेवून राहिली!"

असल्या वासानं बाई बिघडते म्हणून डोक्याला वासाचं तेल लावून त्यांच्या खोलीत जायची बंदी होती. माझ्या लग्नाला ते नागपूरहून बाईची दुरुस्ती करून थेट एस.टी.नं कोंढ्याला आले. दारात गुलाबपाणी शिंपडताना पाहिलं आणि पेटी छातीशी धरून मांडवाबाहेरच उभे राहिले. अक्षता तिथूनच टाकल्या. सुमनवहिनींनी, त्यांच्या बायकोनं, ताट बाहेर नेऊन दिलं. "ह्यायचं लगन दोघीसंग लागलं," त्या म्हणाल्या आणि अख्खी पंगत हसली.

पुढच्या उन्हाळ्यात वहिनी काविळीनं गेल्या. मूलबाळ नव्हतं. भाऊ कामावर परतले ते आणखी बडबडे होऊन, पण बोलायचे फक्त बाईशी.

त्याच पावसाळ्यात बाई बंद पडली. आतली वाफ ओळखणारी तार जळली होती. मुंबईला विचारलं, तर तसलं यंत्रच आता बनत नाही, असं कळलं. नवं मंजूर होईना आणि मोठी टाकी तर धुवायची होती. मॅनेजर वैतागले.

"जन्म गेला तुमचा इथे. नाकानं हुंगा आणि सांगा!"

भाऊ टाकीच्या तोंडावर वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले.

"साहेब, माह्या नाकाले काईच येत नाही."

लोक हसले. मॅनेजरांना वाटलं, मुद्दाम अडवतोय. पण मग टाकीत उतरायला कोणी तयार होईना. काम थांबलं, आणि भाऊंना डब्यांवर लेबलं चिकटवायला बसवलं.

संध्याकाळी मी त्यांच्यासोबत घरी गेलो. दार उघडताच आंबलेल्या वरणाचा भपकारा आला. भाऊंनी खुशाल चहा ठेवला. दूध घातलं, ते फाटलं.

"नाक तं कवाचंच गेलं," भाऊ म्हणाले. "थिनरच्या खोलीत. म्हून तं बाईले एवढं जपत होतो. घरी तुमची वहिनी सांगे, भात करपून राहिला, शर्ट वास मारून राहिला. आता कोन सांगन?"

मग त्यांनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली आणि वरचंच लुगडं काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

"मानसाचा वास राह्यते म्हनते कपड्यात. मले समजत नाही. तुमी पाहा बरं. आहे का?"

मी नाक लावलं. पेटीत ओल शिरली होती. बुरशीशिवाय काही नव्हतं.

"आहे," मी म्हणालो.

"तिचाच?"

"वहिनींचाच."

त्यांनी घाईघाईनं लुगडं आत ठेवलं आणि झाकण दाबून धरलं.

"मंग उघडाले नाही पायजे आता," ते म्हणाले. "उडून जाईन."