फक्कीचे बाण

दीनानाथसर सकाळपासून कॉलेजच्या फाटकापाशी ओणवे होऊन फक्कीचा बाण काढत होते, आणि तो वाकडाच येत होता. क्रीडा संचालक म्हणून त्यांची सगळी हयात मैदानावर पांढऱ्या रेघा मारण्यात गेली होती. त्या रेघांच्या आत धावून कोणी नाव काढलंय, असं मात्र एकदाही झालं नव्हतं. कबड्डीचा संघ पहिल्याच फेरीत परत यायचा. खो-खोचा संघ एका वर्षी कापूरहोळच्या पुढे गेलाच नाही, कारण एसटी बंद पडली, आणि सरांना त्यातल्या त्यात तेच बरं वाटलं होतं. येत्या उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते. विद्यापीठाच्या संघात आपल्या हातची एक तरी मुलगी जावी, एवढीच इच्छा उरली होती.

यंदा शेफाली होती. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला डोंगरात तिचं घर. ती पळायला लागली की आपण आयुष्यात काहीतरी केलं असावं, असा सरांना भास व्हायचा. तिला पळायला कोणी शिकवलं नव्हतं. सरांनी फक्त शिट्टी वाजवली होती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यात मुलींची क्रॉस कंट्री, म्हणजे गावरस्त्यांवरची लांब पल्ल्याची शर्यत, या वर्षी त्यांच्याच कॉलेजकडे आली. पहिली येणारी थेट विद्यापीठाच्या संघात.

प्राचार्यांनी हौसेने मांडव घातला. लाउडस्पीकर लावला. प्रमुख पाहुण्यांसाठी हार-फेटे आणले. हे सगळं जरा लग्नासारखं दिसतंय, असं सरांच्या मनात आलं. पुढे तिठ्यावर दोन तरुण फक्कीची पिशवी घेऊन वाकलेले दिसले, तेव्हा प्राचार्यांनी मदतीला माणसं धाडली असं समजून सरांनी त्यांचे आभारही मानले.

शर्यत सुटली. शेफाली पहिल्याच वळणावर सगळ्यांच्या पुढे होती. विद्यापीठाच्या निरीक्षक भार्गवी मॅडम म्हणाल्या, "ही पहिली येणार, सर." सरांनी घाईघाईने डोळे पुसले.

बऱ्याच वेळाने रस्त्यावर गलका ऐकू आला. सर फीत ताणून उभे राहिले. फाटकातून फुलांनी मढवलेली एक मोटार आत शिरली आणि फीत बॉनेटवर घेऊन थेट मांडवापाशी जाऊन थांबली. मागून दोन टेम्पो आले. चिमाजी शिपायाला पाहुणे येतील त्यांना हार घालायचा हुकूम होता; त्याने उतरलेल्या पहिल्या भारदस्त माणसाला हार घातला, वर फेटाही बांधला. तो माणूस प्रसन्न झाला. त्याने मांडवाकडे पाहून मान डोलावली आणि सरांना विचारलं, "नवरी कुठाय?"

सरांना प्रश्न नीट ऐकू आला नव्हता. ते म्हणाले, "अजून पळतायत. येतीलच एवढ्यात."

"पळतायत? कितीजणी?"

"चाळीस आहेत."

नवरदेव मोटारीतून उतरला होता, तो पुन्हा आत बसला.

मग उलगडा झाला. लग्न पलीकडच्या वाडीत होतं. नवरीकडच्यांनी फोनवर सांगितलं होतं, रस्त्यानं फक्कीचे बाण बघत या, मांडव दिसंल. लग्नघराकडे असे बाण काढायची रीत सरांना नवी नव्हती. बायकोच्या भाचीच्या लग्नात त्यांनी स्वतःच ते काढले होते. आणि तेव्हाच त्यांना तिठ्यावरचे ते दोन तरुण आठवले.

वऱ्हाडाला वाट दाखवून त्यांनी पुढे जाऊ दिलं आणि मॅडमना मागे बसवून स्कूटर वाडीकडे काढली.

लग्नाच्या मांडवात एकोणचाळीस मुली छातीवर नंबर लावून ओळीने बसल्या होत्या. पुढे पोहे आणि शिरा. काहींचे पाय धुऊन झाले होते. नवरीची आई, रत्नाबाई, आणखी एक परात घेऊन येत होती.

"या सर, बसा," ती म्हणाली. "पोरी धापा टाकत आल्या. म्हनलं, वऱ्हाड लईच लांबनं चालत आलंय. दारात आलेलं मानूस उपाशी कसं जाऊ द्यायचं?"

सर शेफालीपाशी गेले. "अगं, तू तर इथलीच. तुला रस्ता कळला नाही?"

"कळला की, सर. तिठ्यावर दोन बान हुते. तुमचा बारका हुता, ह्यो मोठा."

"मग?"

"तुमीच म्हनता, डोकं चालवायचं न्हाई, बान म्हनंल तसं जायचं."

तीस वर्षांत सरांचं एक वाक्य एका विद्यार्थिनीने पाळलं होतं. ते खुर्चीवर बसले. रत्नाबाईने त्यांच्या हातात शिरा दिला आणि त्यांनी तो खाल्लाही.

अक्षता पडून जेवणं होईपर्यंत रत्नाबाईने कोणाला उठू दिलं नाही. मग मॅडमनी नियम सांगितला: आखलेल्या मार्गावरून जी आली नाही, ती बाद. सगळ्या बाद. सरांनी मान हलवली. तेवढ्यात चिमाजीचा फोन आला. "सर, एक पोरगी आलीया. आपलीच हाय, शुभ्रा. फीत न्हवती, म्हनून मी उपरनं धरलं."

शुभ्रा म्हणजे भोरच्या एका वकिलांची मुलगी. संघात सहा जणी लागतात आणि पाचच मिळाल्या, म्हणून तिला घेतलं होतं. सर आणि मॅडम कॉलेजवर परत आले तेव्हा ती मांडवात पंख्याखाली बसली होती. पोटात कळ आली म्हणून पुलाच्या कठड्यावर बसले होते, असं ती म्हणाली; सर स्कूटरवरून गेले तेव्हा तिने हातही केला होता. ती तिठ्यावर पोचेपर्यंत वऱ्हाडाच्या टेम्पोंनी वाडीकडचा बाण पुसून टाकला होता. सरांचा तेवढा राहिला होता. त्यावरून ती सगळा मार्ग चालत पुरा करून आली.

मॅडमनी चिमाजीकडे चौकशी केली, वाटेवरच्या पंचांना फोन लावले आणि सरांचा हात हातात घेतला. "अभिनंदन, सर. तुमच्या कॉलेजची मुलगी विद्यापीठाच्या संघात."

प्राचार्यांनी लाउडस्पीकरवरून जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. उरलेला फेटा सरांच्या डोक्यावर बांधला गेला, तो डोळ्यांवर आला, आणि सरांनी तो तसाच राहू दिला.

शुभ्रा जवळ आली. "सर, आता पुढची शर्यत कुठे?"

"दुसऱ्या राज्यात. सगळ्या विद्यापीठांची असते."

"आणि अंतर?"

"आजच्याएवढंच, बाळ."

तिने थोडा विचार केला. "मग त्यांना विचारून ठेवाल का, सर? मी आदल्या दिवशी निघाले तर चालेल?"