सासऱ्यांची बिनक्लचची गाडी

"बाबा, स्वेटर घालून आत यायचं नाही!" जावयाने पुन्हा बजावलं, आणि सासरेबुवा पुन्हा आत आले.

घराच्या मागच्या खोलीत जावयाचं वर्कशॉप होतं. ऑटोमॅटिक गाड्यांच्या व्हॉल्व्ह बॉडी दुरुस्त करायच्या आणि तपासून परत द्यायच्या, एवढंच काम. पण त्यात त्याचा हात धरणारा दुसरा नव्हता. व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे गिअरबॉक्सच्या पोटातला अॅल्युमिनियमचा ठोकळा. त्यात वाकड्यातिकड्या नाल्याच नाल्या. त्यांतून तेल धावतं आणि कोणता गिअर कधी पडायचा ते ठरवतं. लोकरीचा एवढासा धागा आत गेला तरी व्हॉल्व्ह अडकतो आणि गाडी रुसून बसते. म्हणून त्या खोलीत चिंधी नाही, पायपुसणं नाही, आणि स्वेटर तर मुळीच नाही.

"मला थंडी वाजते," सासरे म्हणाले आणि टेबलावर कोपरं टेकून उभे राहिले. "शिवाय गाडी माझी आहे."

ते मात्र खरं होतं. त्यांनी उभा जन्म बस चालवली. ज्या गाडीला क्लच नाही ती गाडी नव्हे, पाळणा, असं ते चारचौघांत सांगायचे. पण डावा गुडघा कुरकुरायला लागला, डॉक्टरांनी क्लच दाबायला मनाई केली, तेव्हा नाक मुठीत धरून त्यांनी एक जुनी ऑटोमॅटिक घेतली. तर ती लागली धक्के द्यायला! गिअर बदलला की धक्का. म्हातारपणी शिकाऊसारखी गाडी चालवताना कुणी बघायला नको म्हणून ते कुणाला शेजारी बसूही देत नसत. शेवटी इतके खचले की गाडी विकायलाच काढली. घेणारा आज संध्याकाळी येणार होता.

"गाडी गेली की मी सुटलो," ते म्हणत. "बसेन खिडकीत लोकांचे हॉर्न ऐकत." हे ऐकलं की त्यांच्या लेकीचे डोळे भरून यायचे आणि भरल्या डोळ्यांनी ती नवऱ्याकडे बघायची. त्या बघण्याचा अर्थ नवऱ्याला बरोबर कळायचा.

त्याने आधी गाडी स्वतः चालवून पाहिली होती. एक धक्का बसेल तर शपथ! पण लहान मूल डॉक्टरसमोर खोकत नाही, तसंच गाड्यांचंही असतं, हे त्याला ठाऊक होतं. व्हॉल्व्ह बॉडी उघडली, तर आतून लख्ख. दुसरा कुणी असता तर इथेच थबकला असता. पण हा पडला तज्ज्ञ. त्याला वाटलं, दोष इतका दडून बसलाय, म्हणजे दांडगाच असणार. त्याने सगळ्या स्प्रिंगा बदलल्या, सील बदलली, प्रत्येक व्हॉल्व्ह घासूनपुसून बोटाने सरकवून बघितला.

आता उरली होती जोडणी. नाल्यांमधल्या खळग्यांत पोलादी छर्रे बसतात. ते घरंगळू नयेत म्हणून पेट्रोलियम जेलीत चिकटवून ठेवायचे आणि वर झाकणपट्टी लावायची. त्याने छर्रे बसवले, पट्टी घ्यायला वळला, परत फिरून बघतो तर एक खळगा रिकामा.

"छर्रा कुठे गेला?"

"मी हातसुद्धा लावला नाही," सासरे घाईघाईने म्हणाले. "नुसता वाकून बघत होतो."

"मग काय पंख फुटले त्याला?"

आवाज ऐकून बायको आली. तिने आल्या आल्या परिस्थिती ताब्यात घेतली आणि फ्रिजवरचं लोहचुंबक काढून आणलं. "हे फिरवते टेबलाखाली."

"अगं, नको! चुंबक लागलं की छर्रा जन्मभर लोखंडाला चिकटत बसेल. मग नालीत हलणार कसा?"

"बाजूला व्हा दोघं," सासरे म्हणाले. "डेपोत मी नट शोधून दिलेत, नट! ते कपाट सरकवा." आणि कुणी पुढे यायच्या आत त्यांनी स्वतःच कपाटाला खांदा लावला. कपाट हललं, वरचा तेलाचा डबा कलंडला आणि ताजं लालभडक तेल खोलीभर पसरलं.

"बाबा, हलू नका! घसराल!"

पण हलणार नाहीत ते सासरे कसले! भिंतीला धरून ते बाहेर गेले. तेल सांडलं की भुसा, हे त्यांच्या हाडीमासी भिनलेलं. शेजारच्या सुताराकडून घमेलंभर भुसा आणून त्यांनी दारातूनच असा भिरकावला की क्षणभर कुणाला कुणी दिसेना. धुरळा खाली बसला, तेव्हा जावयाची लख्ख व्हॉल्व्ह बॉडी नुकत्याच रंधा मारलेल्या फळीसारखी दिसत होती.

जावई मटकन स्टुलावर बसला. सगळं पुन्हा धुवायचं, पुन्हा लावायचं, तेही छर्रा सापडला तर! त्याला रडूच कोसळायचं बाकी होतं.

सासऱ्यांचाही चेहरा उतरला. "जाऊ द्या जावईबापू," त्यांनी हात जोडले. "माझ्या गाडीचा पायगुणच वाईट. देऊन टाकू."

जोडलेल्या हातांमुळे कोपरं वर आली. बायकोने डोळे बारीक केले. "बाबा, तसेच थांबा."

डाव्या कोपराला, लोकरीत, जेलीच्या गोळ्यात, छर्रा ऐटीत बसला होता.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" ती ओरडली.

"काखेत नाही, कोपराला," सासरे पुटपुटले आणि मुकाट्याने स्वेटर काढून बाहेर ठेवून आले.

मग मात्र तिघं झटून कामाला लागले. बायकोने खोली पुसून काढली. जावयाने एकूण एक भाग पुन्हा धुतला, हवेने वाळवला, छर्रे बसवले, पट्टी आवळली. व्हॉल्व्ह बॉडी टेस्ट बेंचवर चढली. गरम तेल आत सुटलं, आणि दाबाचे काटे एकामागून एक वर येऊन आपापल्या जागी उभे राहिले. एकही थरथरला नाही. कुडकुडणारे सासरे काट्यांकडे टक लावून बघत होते. "पास?" त्यांनी हळूच विचारलं. "पास!" जावई म्हणाला. त्या क्षणी त्याला स्वतःचाच फार अभिमान वाटला.

व्हॉल्व्ह बॉडी गाडीत बसेपर्यंत संध्याकाळ झाली. घेणारा यायच्या आत फेरी मारायची ठरली. सासरे चालवायला, जावई शेजारी, लेक मागे. गाडी गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागली, वेग धरला, गिअर बदलला.

धाडकन धक्का!

जावयाचं डोकं काचेवर आपटता आपटता वाचलं. दिवसभराची मेहनत पाण्यात गेली होती, आणि मागे बसलेल्या बायकोकडे वळून बघायचं त्याला धाडस होईना.

"तुमचा दोष नाही हो," सासरेच समजूत घालू लागले. "माझं नशीबच धक्क्याचं." एवढ्यात दुसरा धक्का बसला आणि जावयाचा चष्मा खाली पडला. तो उचलायला तो वाकला आणि वाकलेलाच राहिला. कारण तेवढ्यात इंजिनचा आवाज चढला, आणि सासऱ्यांचा डावा पाय उठून दाणकन ब्रेकवर पडला.

"बाबा! डाव्या पायाने काय करताय?"

"गिअर पडतोय ना. क्लच दा—"

त्यांनी गाडी सावकाश कडेला घेतली आणि डाव्या पायाकडे असं बघितलं, जसं काही तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

मागे लेक तोंडात पदर कोंबून हसत होती. "म्हणजे व्हॉल्व्ह बॉडीला काही झालंच नव्हतं?"

"काहीच नव्हतं," जावई म्हणाला. मग त्यालाही हसू फुटलं. "आणि बाबा, गुडघा दुखतोय ना तुमचा? ब्रेक तर असा दाबलात की मी काचेतून बाहेर पडलो असतो!"

सासऱ्यांनी पाय हलवून पाहिला. "खरंच की हो. बराय वाटतं." मग त्यांनी वाकून डावा बूट काढला आणि जावयाच्या मांडीवर ठेवला. "हा धरा. पाय उघडा असला की ध्यानात राहील. याची ड्युटी संपली."

गाडी निघाली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा... पाण्यावरून होडी जावी तशी ती गेली. सासऱ्यांनी हळूच शीळ घातली. मागे लेकीने डोळे पुसले, पण या वेळी नवऱ्याला घाबरायचं कारण नव्हतं.

वळसा घालून ते घराकडे आले, तर फाटकाशी गाडी घेणारा हातात पिशवी घेऊन उभा होता. त्याने हात केला. सासऱ्यांनीही हसून हात केला आणि गाडी तशीच पुढे काढली.

"बाबा, तो वाट बघतोय!"

"बघू दे. मी जन्मभर लोकांना स्टॉपवर वाट बघताना पाहत आलोय," सासरे म्हणाले. "पण बस भरलेली असली की थांबत नसतात."

आणि मांडीवर सासऱ्यांचा बूट सांभाळत बसलेल्या जावयाला घेऊन गाडी दुसऱ्या फेरीला लागली.