सुमतीअक्कांचा चष्मा

सुमतीअक्का पेशंटसमोर बसतात त्या स्वतःच्या दोन्ही हातांवर, तळवे मांडीखाली दाबून. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंना थंडी वाजत असेल. स्कूटरवरून पडून माझं उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, पण बोटं ऐकेनात. मारतहळ्ळीहून चामराजपेटपर्यंतचा ट्रॅफिक सोसून मी हात दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे आलो, तर बाई स्वतःचेच हात दडवून बसलेल्या.

"मोकळे ठेवले की ते मदत करतात रे," अक्का त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या. "मग तुझा हात आळशी होतो. सरी, बटण लाव बघू."

एका बटणापायी मला घाम फुटला. बायको न राहवून पुढे झाली, तेव्हा तिची रवानगी बाहेरच्या बाकावर झाली.

मनगट किती वळतं, मूठ किती आवळते, बोटांना स्पर्श कळतो का, हे तपासण्यापुरते अक्कांचे हात बाहेर येतात. त्या इतक्या हळुवार धरतात, की दुखलं म्हणायलाही संकोच वाटतो. मग हात पुन्हा मांडीखाली.

थंडीत अवरेकाळू, म्हणजे इथले पावटे, बाजारात आले, की प्रत्येकापुढे भिजवलेल्या दाण्यांची वाटी येते. डाळिंब्या सोलतो तसा एकेक दाणा चिमटीत धरून सालातून काढायचा. "अक्का, तुमचा स्वयंपाक फुकटात होतो की," मी म्हणालो. निघताना त्यांनी माझे दाणे माझ्याच डब्यात भरायला लावले. "तुझे तू खा. चिरडलेलेच जास्त आहेत."

त्यांना खपत नाही ती चोरी. हात वर जात नसला की माणूस खांदा उचलतो, मान खाली आणतो. "तोंड हाताकडे न्यायचं नाही. हात तोंडाकडे आला पाहिजे."

शेवटची परीक्षा चष्म्याची. हात अडकलेले, त्यामुळे अक्कांचा चष्मा सदानकदा नाकाच्या शेंड्यावर. तो डोळ्यात बोट न घालता वर सरकवला, की पेशंट सुटला. चष्म्याची एक काडी कायमची वाकडी आहे. त्यात माझाही वाटा आहे, पण दुसऱ्या खेपेला मी पास झालो.

अजून अडकलेत ते फक्त अण्णा, अक्कांचे यजमान. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला, आणि इतक्यांचे हात चालते करणाऱ्या अक्कांना तोच अजून पुरता वर आणता आलेला नाही. कुणी विचारलं, की त्या म्हणतात, "स्वल्प बाकी आहे." अण्णा म्हणतात, "पास झालो तर घरी पाठवेल, म्हणून घाई करत नाही."

परवा हात बरा झाल्याचे पेढे घेऊन गेलो. दार उघडंच होतं. आत अण्णा खुर्चीत, समोर स्टुलावर अक्का, हातांवर बसलेल्या. अण्णांचा हात अक्कांच्या हनुवटीपर्यंत आला आणि अडला.

"खांदा नाही उचलायचा," अक्का म्हणाल्या.

अण्णांनी खांदा सोडला. बोट काही पुढे जाईना. मग अक्कांनी हळूच मान खाली आणली. बोट चष्म्याला लागलं, चष्मा वर गेला. अक्कांना चोरी करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि त्या मला एकदम फार जवळच्या वाटल्या.

"सुमती, मान वाकवलीस," अण्णा म्हणाले.

"नाही हो. चष्माच घसरला स्वल्प."

अक्कांच्या डोळ्यांतलं पाणी पार गालावर आलं होतं. पुसायला हात मात्र त्यांनी अजूनही बाहेर काढले नव्हते.