गिस्लेनचे साडेतीनशे वॅट

इस्त्रीच्या खोलीतलं टेबल बाहेर काढून गिस्लेन बाकेलांटने तिथे व्यायामाची सायकल बसवली, तेव्हा त्याची बायको लीस्बेत एवढंच म्हणाली, की आजपासून चुरगाळलेले शर्ट घालायची तयारी ठेव. गिस्लेन एल्सेहेमच्या नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी करायचा. वय चोपन्न, वजन ब्याण्णव किलो. गावातल्या सायकल क्लबात तो बावीस वर्षं होता आणि त्या बावीस वर्षांत त्याने पाहिलं काय, तर पुढच्याची पाठ. बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये एखाद्याला पोहता आलं नाही तर चालतं, पण चढावर मागे राहिलेल्या माणसाकडे लोक ज्या नजरेने बघतात, ती सहन करायला जाड कातडी लागते. गिस्लेनची तशी नव्हती.

हिवाळ्यात रस्ते निसरडे झाले की हल्ली सगळा क्लब घरोघरी पडद्यासमोर बसून शर्यती खेळतो. आपण इथे पेडल मारायचं, पाय किती जोर लावतात ते सायकल वॅटमध्ये मोजते आणि त्या आकड्याप्रमाणे पडद्यावरचा आपला बाहुला पळतो. सपाटीवर नुसता आकडा बघतात, चढावर त्याला आपल्या वजनाने भागतात.

पहिल्याच संध्याकाळी गिस्लेनच्या सायकलने साडेतीनशे वॅट दाखवले. ओडील हा गावातला दुरुस्तीवाला, तरुणपणी तीन वर्षं पोटासाठी शर्यती मारलेला माणूस. तो जीव तोडून दोनशे सत्तरला पोचायचा. शहाण्या माणसाने यंत्राकडे संशयाने बघितलं असतं. गिस्लेनने आरशात बघितलं.

ख्रिसमसपर्यंत त्याने सात शर्यती जिंकल्या. आठवी जिंकल्यावर तो लोकांना सल्ले देऊ लागला. बाळाची नोंद करायला आलेल्या एका बापाला त्याने मांडीच्या स्नायूंबद्दल वीस मिनिटं ऐकवलं, तोवर रांग दारापर्यंत गेली. बटाटे तळलेले नकोत, उकडलेले हवेत, आणि तेही तोलून. ओडीलने एकदा भीतभीतच सुचवलं, की अशा यंत्रांना अधूनमधून शून्यावर आणावं लागतं, मी येऊन बघू का, दहा मिनिटांचं काम आहे. गिस्लेनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि वय कुणालाच चुकत नाही, असं फार मायेने सांगितलं.

इथवर नुसता मूर्खपणा होता. पण क्लबाचा एक नियम होता. हिवाळ्यात जिंकेल त्याने वसंतात शेजारच्या मूरडोन्क गावाविरुद्धच्या शर्यतीत कप्तान व्हायचं आणि चार जणांचा संघ निवडायचा. ही शर्यत गाइटबर्गच्या चढावर होते. चढ लहानच, पण फरसबंदीचे दगड असे, की वर पोचेपर्यंत माणसाचे दात मोजून घ्यावे लागतात. त्या संघात लीस्बेतचा भाऊ फिर्मिन एकोणीस वर्षं होता. गिस्लेनने त्याला वगळलं आणि सगळ्यांच्या वॅटचा कागद दाखवला.

"दोनशे चाळीस," गिस्लेन म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नकोस फिर्मिन, पण एवढ्यात मी अंग गरम करतो."

फिर्मिनने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि त्यानंतर रविवारच्या जेवणाला येणं बंद केलं. लीस्बेत आठवडाभर नवऱ्याशी कामापुरतंच बोलली. गिस्लेनने त्याचाही अर्थ काढलाच. मोठ्या खेळाडूंच्या घरी हे व्हायचंच, असं तो कचेरीत म्हणाला.

फिर्मिन येईना, पण त्याची आई यायची. आलिदाबाईंचं वय एकोणऐंशी, वजन एक्कावन्न किलो, उजवा गुडघा नवा. डॉक्टरांनी रोज दहा मिनिटं पाय फिरवायला सांगितलं होतं, म्हणून एका रविवारी कॉफी झाल्यावर लीस्बेतने आईला त्या सायकलवर बसवलं आणि पडद्यावर तिच्या नावाचं, तिच्या वजनाचं खातं उघडून दिलं. पायांत घरातल्या चपला, हातात बदामी केकचा तुकडा. शेजारणीने कुंपण कसं आपल्या हद्दीत सरकवलं, हे सांगत सांगत म्हातारी पेडल मारत होती. पडद्यावर दोनशे वॅट दिसत होते.

समोर चढ आला. एक्कावन्न किलोला दोनशे वॅट म्हणजे काय, हे पडद्याला नीट कळत होतं. म्हातारीचा बाहुला गिस्लेनच्या विक्रमी वेळेच्या पुढे गेला आणि तिथेच राहिला. वर पोचल्यावर कागदी फुलं उडाली.

"हे काय गं उडतंय?" आलिदाबाईंनी विचारलं.

"तू जिंकलीस, आई," लीस्बेत म्हणाली. तिने मान वळवून नवऱ्याकडे सावकाश बघितलं. "तुझ्या जावयाला मागे टाकलंस."

"मग त्याची तब्येत बघा एकदा," आलिदाबाई म्हणाल्या आणि उरलेला केक खाल्ला.

देवाने एवढी ठळक खूण क्वचितच कुणाला दिली असेल. गिस्लेन ती रात्री तीनपर्यंत तपासत बसला आणि सकाळी त्याला उमगलं, की सासूबाईंच्या अंगात जन्मजात ताकद होती, फक्त ती ओळखणारा कुणी भेटला नव्हता. त्याने त्यांना आहाराचा तक्ता पाठवला. त्यांनी त्यावर मांजराची वाटी ठेवली.

शर्यतीच्या दिवशी सगळं एल्सेहेम गाइटबर्गला लोटलं होतं. नियम साधा, चौघांनी एकत्र चढायचं आणि वेळ चौथ्याची धरायची. गिस्लेन सर्वांत पुढे राहिला, कारण कप्तान पुढे असतो. पहिल्या दोनशे मीटरपर्यंत तो पुढेच होता. मग मागचे तिघे शेजारी आले, मग पुढे गेले, आणि त्यांना थांबावं लागलं. एकाने त्याच्या पाठीला हात लावून ढकलून पाहिलं. ब्याण्णव किलो ढकलणं ही वेगळी शर्यत आहे. अर्ध्या चढावर गिस्लेनचं चाक दोन दगडांच्या फटीत अडकलं, तो खाली उतरला आणि तिथून सायकल हाताने ओढत वर गेला. कुणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं. मूरडोन्कचे लोक तर अदबीने टाळ्या वाजवत होते, प्रेतयात्रेला टोपी काढावी तसे.

वर कठड्याशी फिर्मिन उभा होता. गिस्लेन धापा टाकत त्याच्यापाशी थांबला. तोंडाला कोरड पडली होती आणि पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्याकडे सांगायला एकही आकडा नव्हता.

"चुकलो मी," तो म्हणाला. "तुझी जागा होती ती."

फिर्मिनने मोठ्या मनाने त्याला पाणी दिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने सांगितलं, की माणसाने खऱ्या रस्त्यावर आपली लायकी ओळखावी. पडद्यावरच्या खोट्या शाबासकीवर जगणाऱ्यांची आपल्याला दया येते, आपण मात्र दोनशे चाळीसचे होतो आणि दोनशे चाळीसचेच राहू. लोकांनी माना डोलावल्या. ओडीलने तर डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी ओडीलने येऊन वॅट नेमके मोजणारी आपली पेडलं सायकलवर चढवली आणि त्यांचा आकडा सायकलच्या आकड्याशी ताडून पाहिला. सायकल प्रत्येकाच्या पायाला दीडशे वॅट जास्तीचे बहाल करत होती. दुरुस्त करू का, असं त्याने विचारलं. गिस्लेन म्हणाला, नको, डोळ्यांसमोरच नको ती.

लीस्बेतला इस्त्रीचं टेबल परत आत आणायचं होतं. तिने गावाच्या फलकावर सरळ खरं लिहून टाकलं: व्यायामाची सायकल, फुकट न्यावी, खऱ्यापेक्षा दीडशे वॅट जास्त दाखवते. असली बिघडलेली वस्तू कोण नेणार, म्हणून तिने भंगारवाल्यालाही सांगून ठेवलं.

दुपारपर्यंत नऊ फोन आले. क्लबाच्या अध्यक्षांनी आपण केवळ कुतूहलापोटी विचारतोय, असं तीनदा सांगितलं. मूरडोन्कहून दोघांचे आले. ओडीलला ती दुकानात नमुना म्हणून ठेवायची होती, लोकांना सावध करायला. गिस्लेन प्रत्येकाला विचार करून कळवतो म्हणाला.

इतक्यात मागच्या दाराशी गाडी थांबल्याचा आवाज आला. गिस्लेनने दार उघडलं. फिर्मिन व्हॅन उलटी लावून उभा होता, व्हॅनमध्ये जुनी गादी अंथरलेली. त्याने आधी रस्त्यावर दोन्ही बाजूंना बघितलं, मग आत येऊन दार लोटलं.

"ओडील येऊन गेला म्हणे," तो हळूच म्हणाला. "त्याने ती दुरुस्त तर नाही ना केली?"