शालूवरचे डाग

बुंध्याकडे नुसतं बघून झाडाचा रोग ओळखणारा माणूस म्हणून तात्यांची पंचक्रोशीत ख्याती होती. निदान तात्या तरी तसं सांगत! पण वाणगावजवळच्या वाडीतल्या लाडक्या आंब्यानं त्यांना पार चक्रावून टाकलं. मुलगी जन्मली त्या दिवशी लावलेला म्हणून या आंब्याचं नावही तिचंच, शालू. त्याच्या सालीवर खपलीसारखे घट्ट चिकटलेले पांढरट डाग पडले होते. तात्यांनी पालघरच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मेव्हण्याला, विश्रामला, कार्ड टाकलं : 'शालूच्या अंगावर पांढरे डाग पडलेत. रोज वाढतात. काय करू?'

कार्डच ते! पालघरला पोचेपर्यंत अर्ध्या मुलखानं वाचलं. चौथ्या दिवशी पंढरीभाऊ मुलाला घेऊन दारात हजर! मुलगा खंडेराव तारापूरच्या वीजघराच्या बांधकामावर कारकून. त्याचं आणि शालूचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं.

"तात्या, डागांचं खरं हाय?"

"खरं हाय बाबा! कमरेच्या वर चढलेत." आंब्याची चौकशी करायला व्याही एवढ्या लांब आला! तात्यांना भरून आलं.

"आमाला आधी नाय सांगितलंत!"

"तुमी काय करणार? मी गोमूत्र शिंपडलं, काथ्यानं घासलं. गुण नाय!"

पंढरीभाऊंनी कपाळाला हात लावला. "मग आता?"

"विश्राम काय सांगतो बघू. नायतर कुऱ्हाडीला धार लावून ठेवलीय!"

पंढरीभाऊ ओट्यावरून पडता पडता वाचले. खंडेराव ताडकन उठला. "तात्या, हात जोडतो! डाग असले तरी मला चालेल. मी आजच घेऊन जातो!"

"आजच? मुळासकट?"

आतून चहा घेऊन शालू आली. तिघेही तिच्या गोऱ्या, नितळ हातांकडे बघत राहिले. दोघे चकित होऊन आणि तात्या काहीच न समजून!

"बाबा, ते माझं बोलतायत. तुमी आंब्याचं!" असं म्हणून तिनं पहिला कप खंडेरावला दिला. बापाच्या आधी!

एवढ्यात भिंग घेऊन विश्राम पोचला. सगळी वरात आंब्याखाली गेली. "हे दगडफुलाचं भावंड," तो म्हणाला. "सालीवर नुसतं बसतं, झाडाला काही करत नाही. आणि इतकं सावकाश वाढतं की वर्षभरात नखाएवढंही सरकत नाही."

"पण रोज नवा डाग दिसतो, त्याचं काय?" तात्या हटेनात.

विश्रामनं बुंध्याच्या एका बाजूला नख लावलं, पांढरी पूड चोळून हुंगली.

"हा पानाचा चुना. तात्या, रोज इथं बोट कोण पुसतं?"

तात्यांनी उजवा हात हळूच धोतरामागे लपवला.