हिरव्या कडीचा सोमवार

सरूबाईंच्या सोळा सोमवारांतला पंधरावा सोमवार बाथरूमच्या दारात मोडता मोडता वाचला.

कारेगावात त्यांच्या घरामागं भाड्याच्या सहा खोल्या होत्या आणि सगळ्यांत मिळून एकच बाथरूम. आतून कडी लागली आहे की नाही, हे बाहेरून कळायची काही सोय नव्हती. दारापुढं चप्पल दिसली की माणूस थांबायचा. नाही दिसली तर दार वाजवायचा आणि आतला माणूस "हाय" म्हणायचा. सरूबाई मात्र सोमवारी अनवाणी असत आणि पहाटेपासून मौन. बारा वाजायच्या आत महादेवाला नैवेद्य दाखवायचा, मगच बोलायचं. मध्ये एक शब्द जरी निघाला, तरी सगळे सोमवार पहिल्यापासून धरायचे, असा त्यांचा संकल्प होता. त्या दिवशी शेवटच्या खोलीतल्या, शिवणकाम करणाऱ्या रजियानं दार वाजवलं, उत्तर आलं नाही म्हणून ढकललं आणि जुनी कडी निसटली. सरूबाई साडी नेसून झाल्या होत्या, हे नशीब. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं, म्हणून मौन टिकलं.

"माफ करा काकू," रजिया म्हणाली. "पन निदान खोकायचं तरी."

मुद्दाम काढलेला खोकला म्हणजे बोलणंच, असं सरूबाईंचं मत होतं. ते त्यांनी दुपारी जेवण झाल्यावर सांगितलं.

मग त्यांचे यजमान हौसराव यांनी सत्यजीतला बोलावलं. सत्यजीत दुसऱ्या खोलीत राहायचा आणि कंपनीत मेंटेनन्सला होता. "नुसतं बघितलं की कळलं पायजे, आत मानूस हाय का न्हाई," हौसरावांनी सांगितलं. एवढं सांगायला त्यांना पाऊण तास लागला, कारण मध्ये ऊस, रस्ता आणि सोसायटीचं राजकारण येऊन गेलं. हौसरावांना बोलायची फार आवड. नुसता चहा मागायचा तरी ते मागच्या वर्षीपासून सुरुवात करत.

सत्यजीतनं आठवडाभर डोकं लावलं आणि रविवारी कडी बसवली. आतला बोल्ट सरकवला की मागची पट्टी सरकायची आणि दारातल्या रुपयाएवढ्या खिडकीतून तिचा रंग दिसायचा, लाल नाहीतर हिरवा. दारालाही ताजा रंग दिला. "आत मानूस असला की एक रंग, नसला की दुसरा," तो म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या. कुठला रंग कशाला, हे कुणी विचारलं नाही. ते काय विचारायचं, असंच प्रत्येकाला वाटलं.

सोळावा, शेवटचा सोमवार उजाडला. पहिल्या पाळीची माणसं पहाटेच गेली. सरूबाईंनी चुरमा केला, नैवेद्याचं ताट मांडलं आणि साडेदहाला पूजेआधीच्या दुसऱ्या अंघोळीला गेल्या. बोल्ट लावला, तो लागला. अंघोळ करून साडी नेसून काढायला गेल्या, तर निघेना. बाहेर दारातल्या खिडकीत स्वच्छ हिरवा रंग दिसत होता.

अकराला हौसरावांनी बायकोला शोधायला सुरुवात केली. देवघरात नाही, ओट्यावर नाही, फोन फडताळात वाजतोय. त्यांनी बाथरूमकडं नजर टाकली. हिरवं. म्हणजे मोकळं.

"देवळात गेली आसंल," ते रजियाला म्हणाले.

"ताट तर हितंच हाय की आबा." रजियानं जाऊन बाथरूमचं दार ढकलून पाहिलं. उघडलं नाही.

"वला रंग चिकाटला आसंल. ढकलू नगंस, पोपडा निघंल."

आतून सरूबाई बादलीवर तांब्या आपटत होत्या. वाजवणं म्हणजे बोलणं नव्हे, याचा त्यांनी आधी नीट विचार करून घेतला होता.

"नळात हवा भरलीय," हौसराव म्हणाले आणि त्यांनी इनामगावला मेव्हण्याला फोन लावला. "बहीन तिकडं आली का तुमची?"

"का? काय बोललात तिला?" मेव्हण्यानं विचारलं.

"आज ती बोलत न्हाई."

"कशी बोलंल? थांबा, मी येतो." फोन बंद झाला.

तेवढ्यात दुसऱ्या पाळीचा सत्यजीत खांद्यावर टॉवेल टाकून उठून आला, दाराकडं बघून पायरीवर बसला. वीस मिनिटं झाली तरी तो बसलेलाच.

"आरं, जा की आत," हौसराव म्हणाले. "हिरवं हाय."

"हिरवं हाय म्हनून तर बसलोय. आत कोनतरी हाय."

"हिरवं म्हंजी मोकळं. शिरूरच्या सिग्नलला काय करतोस तू?"

"आबा, कंपनीत हिरवा दिवा म्हंजी मशीन चालू, हात लावायचा न्हाई. लाल म्हंजी थांबलेली, मंग खुशाल जावा."

तेवढ्यात आतून तांब्या पुन्हा वाजला.

"काकू," सत्यजीत दाराला कान लावून म्हणाला, "बोलू नका. व्हय आसंल तर एकदा वाजवा, न्हाई आसंल तर दोनदा. बोल्ट थोडा तरी हालतो का?"

दोनदा वाजलं.

"सर मागं, मला इचारू दे," हौसराव पुढं आले. "आगं, भ्यालीस का?"

दोनदा.

"माझ्यावर चिडलीस?"

एकदा, पण जोरात.

पावणेबारा झाले. बिजागऱ्या आतून होत्या. "कटरनं दार कापतो," सत्यजीत म्हणाला, तर लाइट गेलेली. सरूबाई आत काही वाजवत नव्हत्या आता. हौसरावांचा चेहरा उतरला. पंधरा सोमवारांचा उपास त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. त्यांनी देवघराकडं तोंड करून हात जोडले. "म्हादेवा, हिचा सोमवार मोडू देऊ नगंस. बारा वाजायच्या आत भाईर आली, तर फुडले सोळा सोमवार मी मौन धरीन."

सत्यजीतनं दारातल्या त्या रुपयाएवढ्या खिडकीची काच फोडली, स्क्रू ड्रायव्हर आत घालून पट्टी ढकलली. हिरवा गेला, लाल आला, दार उघडलं. ही कडी बाहेरूनही उघडते, हे सगळ्यांनी पाहिलं.

बाराला पाच कमी असताना नैवेद्य दाखवला गेला. आरती झाली. सरूबाईंनी आधी महादेवाचं नाव घेतलं, मग रजियाला आणि सत्यजीतला पाटावर बसवलं. मेव्हणाही दोन माणसं घेऊन पोचला. त्यालाही ताट मिळालं.

हौसराव घास चिवडत होते. "ते आपलं घाईत तोंडातनं गेलं," ते हळूच म्हणाले. "फुडल्या सोमवारी सकाळी सोसायटीची सभा हाय. मला बोलायचंय तिथं."

"घाईत गेलं, आन् म्हादेवानं बी घाईतच ऐकलं की," सरूबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांनी यजमानांच्या ताटात चुरमा वाढला. "पुरं" म्हणायला हौसरावांनी तोंड उघडलं, तशी सरूबाईंनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

"हातानं सांगा. आठच दिस ऱ्हायल्यात, सवय कवा करनार?"