गुलाल कालवलेलं शेण

सुंदररावांच्या नव्या गोबरगॅसची शेगडी आठ दिवस नुसती मिणमिणत होती आणि ‘हरित घर’ स्पर्धेची तपासणी दोन दिवसांवर आली होती. मानाची पाटी पाली गावात एकाच दाराला लागणार होती. ती आपल्याच दाराला लागणार, असं सुंदरराव पारावर सगळ्यांना सांगून बसले होते. आता इज्जतीचा सवाल होता.

गोठ्यात तीन म्हशी, तरी टाकीत शेण रोज दोन टोपल्या कमी. त्यांचा संशय सरळ शेजारच्या उत्तरेश्वरवर गेला. तोही गांडूळखताचा खड्डा घेऊन पाटीच्या मागं लागला होता.

“शेण कोण नेतंय गं?” त्यांनी बायकोला विचारलं.

“शेण कोण न्हेतंय? म्हशीच कमी खात्यात,” छबुबाई दुसरीकडं बघत म्हणाल्या.

सुंदररावांनी डोकं लढवलं. निवडणुकीतला उरलेला गुलाल त्यांनी तपासणीच्या आदल्या सकाळी गुपचूप शेणात कालवला.

दुसऱ्या दिवशी तालुक्याचे साहेब आले. सुंदररावांनी त्यांना चपला काढायलाही उसंत दिली नाही.

“साहेब, आधी उत्तरेश्वरचा खड्डा उकरा. माजं शेण चोरलंय ह्यानं!”

“कावून चोरू, दादा? माज्या दोन गाई हायेत की.”

खड्डा तळापर्यंत उकरला. लठ्ठ गांडुळं निघाली, गुलालाचा कण नाही. उत्तरेश्वर रागावला नाही, हे तर सुंदररावांना फारच संशयास्पद वाटलं.

मग साहेब सुंदररावांच्या घरी आले. शेगडीवर चहा काही उकळेना. साहेब हात धुवायला परसात गेले आणि तिथूनच ओरडले, “सुंदरराव, इकडं या जरा!”

सुंदरराव परसात सहसा फिरकत नसत. आता बघतात तर भिंतीवर ओळीनं गुलाबी गोवऱ्या थापलेल्या, खाली चूल पेटलेली आणि तव्यावर भाकरी टम्म फुगलेली.

“माजं शेण!”

“मग?” छबुबाई उसळल्या. “गॅसवरची पयली भाकर तुमीच ताटातून बाजूला सारली. तवापास्नं चुलीवर करतेय. अन् रोज ‘गॅसची भाकर लई गोड’ म्हणून चार-चार हाणताय! काल लाल शेण बघून माजा जीव उडाला. म्हशीसाठी नवस बोललेय मी!”

साहेबांनी कागदावर काहीतरी खोडलं. सुंदररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी उत्तरेश्वर दारात आला. “दादा, हातोडी हाय का? पाटी ठोकायचीय.”

सुंदररावांनी मान खाली घालून हातोडी दिली. ती परत येईपर्यंत मात्र ते ओट्यावरून हलले नाहीत.